मेमरीचा आकडा लिहायचा कुठे?

खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये, म्हणजे १९१६ साली सुरू झालेल्या आपल्या जलसंशोधन संस्थेत, नद्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडतात. प्रतिकृती १:१०० असेल तर फ्रूडच्या नियमाने तिच्यातला वेग खऱ्याच्या एक दशांश आणि विसर्ग चक्क एक लाखांश! प्रमाण सोबत लिहिलेलं नसेल तर मोजमाप कुणाच्याच कामाचं नाही.

जावात सिम्युलेशन लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांकडे ही शिस्त फार उशिरा आली. मेव्हन हे बिल्ड टूल स्वतःच जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे जेव्हीएमवर चालतं. प्रकल्पाची सगळी माहिती पॉम फाइलमध्ये असते खरी, पण मेव्हन ती उघडतं तोवर जेव्हीएम सुरू होऊन हीप मेमरीची कमाल मर्यादा ठरूनही गेलेली असते. मग ती सांगायची कुठे? बरीच वर्षं उत्तर एकच होतं: ‘मेव्हन ऑप्ट्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. म्हणजे ज्याच्या-त्याच्या मशीनवर, प्रकल्पाच्या बाहेर. सीनियर लॅब सोडून गेला की सेटिंगही त्याच्याबरोबर गेलं. कोड सगळा गिटमध्ये आहे, तरी बिल्ड ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून कोसळतो, आणि नवा विद्यार्थी बिचारा कोडमध्ये चूक शोधत बसतो.

२०१५ मध्ये मेव्हन ३.३.१ आलं आणि प्रकल्पातल्याच ‘डॉट एमव्हीएन’ फोल्डरमध्ये ‘जेव्हीएम डॉट कॉन्फिग’ नावाची फाइल ठेवायची सोय झाली. ‘एक्सएमएक्स’चा आकडा त्यात लिहा, कमिट करा, झालं. माझ्या मते मेव्हनच्या इतिहासातला संशोधकांच्या सर्वांत उपयोगाचा बदल हाच, जरी त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही. एक मात्र बघा: टेस्ट चालवणारं शुअरफायर प्लगइन स्वतःची वेगळी जेव्हीएम उघडतं. तिची मेमरी पॉममधल्या ‘आर्गलाइन’मध्येच द्यावी लागते. इथे पुष्कळ जण अडकतात.

आणि जुन्या सेटिंगचं काय? ‘मॅक्सपर्मसाइज’ हा पर्याय एके काळी प्रत्येक ट्युटोरियलमध्ये असायचा. २०१४ च्या जावा ८ मधून पर्मजेन हा मेमरीचा भागच काढून टाकला. तेव्हापासून ती ओळ दिसली की जावा नुसता इशारा द्यायचं आणि पुढे जायचं. जावा १७ मात्र त्या ओळीवर सुरूच होत नाही. कुणाच्या जुन्या प्रबंधाचा कोड हातात आला आणि बिल्ड पहिल्याच सेकंदाला अडला, तर आधी ही ओळ शोधा. प्रकल्पात सापडली नाही तर तुमच्याच मशीनवरच्या ‘मेव्हन ऑप्ट्स’मध्ये बघा.