विरळ हवेतली बाळंतपणे

स्पॅनिश फौजांनी १५३४ साली पेरूमधल्या हाउहा या गावी आपली राजधानी थाटली. गाव अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. वर्ष भरायच्या आत राजधानी किनाऱ्याकडे, लिमाला हलली. त्यासाठी जी कारणे लिहून ठेवली गेली, त्यांत या थंड मुलखात डुकरे, घोड्या आणि कोंबड्या यांची पैदास होत नाही, हेही एक होते. खापर थंडीवर फुटले. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून दोन शतकांहून अधिक काळ जायचा होता.

पोतोसीतली गोष्ट माणसांची होती. चांदीच्या खाणींमुळे १५४५ मध्ये वसलेले हे शहर सुमारे ४,००० मीटरवर आहे. ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री आंतोनियो दे ला कालांचा यांनी १६३८ च्या आपल्या बखरीत लिहिले आहे, की तिथे स्पॅनिश आईबापांची मुले जन्मतःच किंवा थोड्याच दिवसांत दगावत. गरोदर बायका त्यामुळे बाळंतपणासाठी खालच्या दऱ्यांत उतरत. शहर वसल्यावर ५३ वर्षांनी पहिले स्पॅनिश मूल जगले आणि त्याचे श्रेय संत निकोलस यांना देण्यात आले. चमत्काराचा भाग सोडून द्यावा. पण त्याच गावातल्या मूळच्या रहिवाशांची मुले मात्र जगत, ही कालांचांची नोंद मोलाची आहे.

आईचे आणि गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. ऑक्सिजन, ग्लुकोज, अमिनो आम्ले हे सारे वारेतून पलीकडे जाते. अन्न कमी पडले तर आईचे शरीर काही काळ आपल्या साठ्यातून देऊ शकते. ऑक्सिजनचा मात्र साठा नसतो. तो क्षणोक्षणी यावा लागतो. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट १९२१-२२ मध्ये पेरूतल्या सेरो दे पास्को येथे विरळ हवेचा अभ्यास करून आले आणि पुढे मेंढीच्या गर्भाकडे वळले. गर्भाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब इतका कमी असतो, की त्यांना त्याची तुलना थेट एव्हरेस्टशी करावीशी वाटली.

अन्नाच्या बाजूचा पुरावा युद्धाने दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमधल्या शहरांत माणशी रोजचे रेशन १,००० कॅलरींच्याही खाली गेले. गर्भारपणाचे शेवटचे तीन महिने ज्यांचे या उपासमारीत गेले, त्यांची बाळे सुमारे ३०० ग्रॅमने हलकी निघाली. ज्यांची फक्त सुरुवात उपासमारीत गेली, त्यांच्या बाळांच्या वजनात मात्र म्हणण्यासारखी घट नव्हती.

याउलट कोलोरॅडोतल्या लेडव्हिल या ३,१०० मीटरवरच्या खाणगावात दुष्काळ नव्हता, तरी बाळे हलकीच होती. जॉन लिक्टी आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये डेन्व्हरशी तुलना करून ते मांडले. अडीच किलोंच्या आतले बाळ म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेले, असा तेव्हाचा दंडक होता. लेडव्हिलची पुष्कळशी हलकी बाळे तर पुऱ्या दिवसांची होती. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा दंडक सोडून ‘कमी जन्मवजन’ हा वेगळा वर्ग केला.

सगळा दोष उंचीचाही नसतो. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच भरले. ती हाडापेराने बारीक होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे मोठी निघाली; नुसत्या कॅलरींच्या बेरजेवरून हा फरक कळला नसता.

बोलिव्हियात मात्र उंची आणि गरिबी या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी नांदतात. मग दोष कोणाचा? केंब्रिजचे दिनो जुसानी यांनी २००१ मध्ये ३,६०० मीटरवरच्या ला पासची तुलना सखल भागातल्या सांता क्रूझशी केली. सांता क्रूझच्या गरीब घरातली बाळे ला पासच्या सुखवस्तू घरांतल्या बाळांपेक्षा वजनदार निघाली. २००७ मध्ये त्यांनी कोंबडीची अंडी घेतली. अंड्यात अन्न आधीच ठरलेले असते, आईच्या ताटाचा प्रश्नच उरत नाही. सखल भागातली अंडी उंचावर उबवली, तर पिल्ले खुजी वाढली; तिथेच ऑक्सिजन पुरवला, तर खुजेपणा गेला.

कोलोरॅडोतल्या नोंदींनुसार उंची १,००० मीटरने वाढली की जन्मवजन सुमारे १०० ग्रॅमने घटते. ही घट सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. शेकडो पिढ्या उंचावर काढलेल्या तिबेटी आणि अँडीजमधल्या बायकांत गर्भारपणी गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह अधिक वाढतो, आणि त्यांची बाळे त्याच उंचीवर नव्याने येऊन राहिलेल्यांच्या बाळांपेक्षा वजनाने जास्त भरतात.