घराची पुनर्विक्री आणि जमिनीचा पूर्वेतिहास : पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात

घर जुने झाले की त्याची किंमत उतरते, असा सर्वसाधारण समज आहे. मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी राज्य शासन जे बाजारमूल्य दरपत्रक प्रसिद्ध करते, त्यातही बांधकामाच्या वयानुसार घसारा धरलेला असतो. तथापि रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांचा विचार केला असता, घराच्या दुसऱ्या विक्रीत भिंतींच्या वयापेक्षा त्या भिंती ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिचा पूर्वेतिहास अधिक निर्णायक ठरतो, असे दिसून येते. हा इतिहास खोत, कूळ, खारबंदिस्ती, रेल्वे आणि कारखाना यांचा आहे.

जुन्या पेठांतील कौलारू घर ही मुळात विक्रीची वस्तूच नव्हती. ते वडिलोपार्जित असे. त्यातील कर्ते पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस गेले तरी घरावरील आपला हिस्सा त्यांनी सोडला नाही. पिढ्यांगणिक वारसांची संख्या वाढत गेली. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल उशिराच पडले असे म्हणावे लागेल. विक्रीच्या वेळी मात्र प्रत्येक हिस्सेदाराची सही अथवा हक्कसोडपत्र आवश्यक ठरते आणि एक नाव राहून गेले तरी व्यवहार अडतो. परिणामी भर बाजारपेठेतील ऐसपैस घर गिऱ्हाइकाविना पडून राहते, तर गावाबाहेरील दोन खोल्यांची सदनिका स्वच्छ कागदपत्रांच्या बळावर विकली जाते.

गावठाणातील घरांची अडचण निराळी आहे. जेथे नगरभूमापन झालेले नाही, तेथे घराचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उताराच पुढे केला जातो. हा उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नव्हे. त्यावर बँक सहसा गृहकर्ज देत नाही. ज्या घरावर कर्ज मिळत नाही त्याला रोख रक्कम बाळगणारा ग्राहकच शोधावा लागतो आणि असा ग्राहक भाव पाडून मागतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांचे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले, त्यामागे हेही एक कारण होते.

पेण परिसरात याला आणखी एक पदर आहे. पेण शहर व जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. येथे घर आणि कारखाना यांत फारसे अंतर नसते. मूर्ती वाळत घालण्यास पडवी व अंगण लागते. मूर्तिकाराच्या दृष्टीने ही मोकळी जागा घराचा प्राण असते. चौरस फुटावर हिशेब करणाऱ्या नोकरदार ग्राहकाच्या लेखी तिचे मोल फार थोडे. एकाच घराच्या अशा दोन किंमती संभवतात आणि दोन्ही खऱ्याच असतात.

शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहतींचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला. पुढे १९४८ च्या कूळकायद्यानुसार आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कूळ जमिनीचे मालक मानले गेले. मात्र अशी जमीन विकण्यावर कलम ४३ ची अट होती. कुळाने कष्टाने मिळविलेली जमीन पुन्हा सावकाराच्या हाती जाऊ नये, हा तिचा हेतू. परंतु परवानगी न घेता विकलेल्या जमिनीवर इमारत उभी राहिली, तर शर्तभंगाचा डाग त्यातील प्रत्येक सदनिकेला लागतो. पहिल्या खरेदीच्या वेळी तो सहसा कोणी पाहत नाही. दुसऱ्या विक्रीत ग्राहकाचा वकील जुने फेरफार काढतो, तेव्हा तो उघड होतो. २०१४ च्या दुरुस्तीने, कुळाने जमीन खरेदी केल्यास दहा वर्षे लोटल्यानंतर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विक्रीची मुभा देण्यात आली, हे खरे. जुन्या व्यवहारांची छाननी मात्र त्यामुळे टळत नाही.

सदनिका ही स्वतंत्रपणे विकता येणारी वस्तू म्हणून कायद्याच्या चौकटीत आली ती मुख्यतः १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमामुळे. या अधिनियमानुसार विकसकाने जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे करून देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ते अनेक ठिकाणी झाले नाही, म्हणूनच २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तीस वर्षांच्या इमारतीतील सदनिकेची किंमत मुख्यतः तिच्या वाट्याच्या जमिनीत असते. जमीनच सोसायटीच्या नावे नसेल, तर पुनर्विकासाची वाट बिकट होते आणि मालकाच्या हाती केवळ घसारा लागलेल्या भिंती उरतात.

आता दोन्ही गावांतील भेदाकडे वळता येईल. १९८६ मध्ये लोहमार्ग आपट्याहून पुढे पेणमार्गे रोह्यापर्यंत पोहोचला आणि रोहा येथूनच कोकण रेल्वेचा आरंभ झाला. तिचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. तरीही रोह्यातील घरांची मागणी रेल्वेपेक्षा धाटाव येथील औद्योगिक वसाहतीशी आणि तालुक्यातील नागोठणे येथील पेट्रोरसायन प्रकल्पाशी अधिक निगडित राहिली. कारखान्याने ग्राहक आणला आणि रासायनिक सांडपाणीही आणले. कुंडलिका नदीचे दर्शन ही एरवी घराची जमेची बाजू ठरली असती. प्रदूषणामुळे तिची उणे बाजूही विचारात घ्यावी लागते.

पेणचा ग्राहक पनवेल व मुंबईकडून येतो. वडखळजवळच्या डोलवी येथील पोलाद प्रकल्पाची मागणी आहेच. पण २०१३ मध्ये तालुक्यातील काही गावे ‘नैना’ क्षेत्रात आली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. या प्रत्येक घोषणेबरोबर घराची नव्हे, तर अपेक्षेची किंमत वाढत गेली. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आल्याने ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांना अडीअडचणीत मोडता येईल अशी पुंजी म्हणजे राहते घरच उरले. अशा कुटुंबास भाव चढेपर्यंत थांबणे परवडत नाही.

अपेक्षेच्या या बाजारास पेणच्या शेतकऱ्यांनी एकदा स्पष्ट नकारही दिलेला आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते उभे राहिले आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जनमत घेण्यात आले. तो प्रकल्प पुढे साकार झाला नाही. वादाच्या केंद्रस्थानी असलेल्या त्याच हेटवणेचे पाणी नवी मुंबईस जाते. पेणच्या खारेपाटातील गावांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत आली आहे आणि तेथील घर पाहावयास आलेला ग्राहक खोल्या मोजण्याआधी नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे विचारतो.