रेतीच्या वह्या

आमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्यांचा गठ्ठा आहे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विरार पूर्वेला रेती-विटांचा पुरवठा सुरू केला, त्या 1978 सालापासूनच्या. गेल्या पावसाळ्यात पत्र्यातून पाणी उतरलं, सहा वह्या भिजल्या. त्या पंख्याखाली वाळवताना मी पहिल्यांदा नीट वाचल्या. चाळीस वर्षं या धंद्यात काढूनही मला वाटत होतं, मंदी म्हणजे विक्री घटणं. वह्यांत तसं दिसत नाही. विक्रीचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो. त्याआधी उधारीची पानं भरतात, जमेच्या बाजूला ‘चेक परत’ असं दादांच्या बारीक अक्षरात येऊ लागतं. आणखी एक गोष्ट दिसते. मंदी गेली की धंदा परत येतो, पण मागणी त्याच मालाला येत नाही.

वसईत बांधकामाच्या मालाचा व्यापार काही बिल्डर आल्यावर सुरू झाला नाही. पोर्तुगीजांच्या काळात वसईचा दगड जहाजांनी गोव्यातल्या चर्चना आणि वाड्यांना जात होता, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि दगडाचं ते गिऱ्हाईकच गेलं. किल्ल्यातल्या बहुतेक चर्चच्या भिंती आज उभ्या आहेत, छपरं नाहीत. दगड टिकला, ऑर्डर टिकली नाही. हे मी इतिहासाचा अभ्यासक म्हणून बोलत नाही, मालवाला म्हणून बोलतो.

1864 मध्ये वसईच्या खाडीवरून रेल्वे गेली, 1936 मध्ये विजेची लोकल विरारपर्यंत आली, तरी पुढची कित्येक वर्षं गाडीतून मुंबईला केळी, फुलं, भाजी आणि दूधच जात राहिलं. माणसं उलट्या दिशेने राहायला येऊ लागली ती नंतर. दादांच्या पहिल्या वहीत बहुतेक नोंदी बैठ्या घरांच्या आणि चाळींच्या आहेत: अर्धा ब्रास, एक ब्रास, दोन हजार वीट. 1982 च्या जानेवारीत गिरणी संप झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नावांपुढे लालबाग, परळचे जुने पत्ते दिसू लागतात. खोली विकून नालासोपाऱ्याला आलेली माणसं. पैसे रोख द्यायची आणि पाटीभर रेती जास्त मागायची.

मग इमारती आल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी करायचं घाटत होतं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. आमच्या घरात तेव्हा दोन पक्ष होते. माझी आत्या वसई पश्चिमेला दिलेली; वाडी, विहीर, केळी. ती मोर्च्याला जायची आणि परतताना आमच्याकडे चहाला थांबायची. दादा तिला म्हणायचे, “ताई, तुझ्या मोर्च्याने माझं दुकान बंद होईल.” ती म्हणायची, “होऊ दे. रेती खाऊन कोण जगलंय?” 1990 मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं. आत्याची वाडी अजून आहे. तिच्या तिन्ही बाजूंना मात्र चार मजल्यांच्या इमारती आहेत, त्यातल्या एकीला माल आमचाच.

रेती यायची वैतरणा खाडीतून, खाणिवड्याच्या बंदरावर. आता सगळे सक्शन पंपाच्या गोष्टी सांगतात, पण मी लहानपणी पाहिली ती डुबी. होडी नांगरून खाडीत उभा बांबू रोवायचा. डुबीवाला दम भरून बांबू धरत खाली उतरायचा. खाली डोळे उघडे ठेवून उपयोग नाही, सगळा गढूळ अंधार. हाताने चाचपत लोखंडी बादली भरायची, दोरीला हिसका द्यायचा, वरचे दोघे ओढून घेणार. दिवसभर हेच. आमच्याकडे पैसे न्यायला एक डुबीवाला यायचा, त्याच्याशी ओरडून बोलावं लागे. दोन्ही कान गेले होते. त्या रेतीचा कण जाड, थोडा खारट. चांगला गवंडी ती गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण मीठ सळईला खातं. घाईच्या काळात किती जणांनी धुतली, ते आज स्लॅबमधून डोकावणाऱ्या गंजलेल्या सळया सांगतात.

वीट वसई पूर्वेच्या आणि वाड्याच्या भट्ट्यांवरून यायची. दिवाळी झाली की कातकरी, वारली कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवर. मालकाकडून आधी बयाणा, मग आठवड्याची खर्ची, मजुरी हजारामागे. पावसाळ्याच्या तोंडाशी हिशेब व्हायचा तेव्हा कुटुंबाच्याच अंगावर बाकी निघायची आणि पुढच्या दिवाळीचं काम आधीच बांधलेलं असायचं. विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी 1982 मध्ये श्रमजीवी संघटना काढली ती याच तालुक्यात, असल्या बांधलेल्या माणसांना सोडवण्यासाठी. दादांच्या वहीत यातलं काहीच नाही. तिथे फक्त विटांचा दर आणि फुटतुटीची वजावट आहे.

पहिली मोठी मंदी 1996 ची. मुंबईतले घरांचे भाव आभाळाला टेकून खाली आले. बोरिवली-कांदिवलीत स्वस्त मिळू लागल्यावर लोंबकळत विरारला कोण येणार? मुंबईला ताप आला की विरारला न्यूमोनिया, असं दादा म्हणायचे. सांगाडे उभे राहिले, भिंती चढेनात. एका बिल्डरने (नाव घेत नाही, त्याचा मुलगा आता भेटला की नमस्कार करतो) वर्षभराची बाकी फिटवायला पैशांऐवजी तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली. वन रूम किचन. त्या काळी मालवाल्यांना, सेंट्रिंगवाल्यांना, प्लंबरला असेच फ्लॅट मिळत. काहींच्या नावावर चार-चार. घ्यायचे नसत, पण नाही म्हटलं तर तेही गेलं. आमच्या खोलीला भोगवटा दाखला नव्हता, हे कळायला सात वर्षं लागली.

पुढे व्याजदर उतरले, बँका नोकरदारांच्या मागे कर्ज घेऊन लागल्या, 2007 मध्ये बोरिवली-विरार रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण झालं. 2009 च्या जुलैमध्ये चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहर 12 लाखांवर गेलं. त्या वर्षांत आमचे टेम्पो रात्रीही उभे नसत. नेमकं त्याच सुमारास, 2010 मध्ये, हायकोर्टाने रेती उपशावर बंदी आणली. वैतरणेच्या रेल्वे पुलांच्या खांबांजवळून उपसा होतो म्हणून रेल्वेही ओरडत होतीच, आणि ते खोटं नव्हतं. मागणी दारात आणि माल नाही, अशी उलटी मंदी आम्ही पाहिली. गुजरातची रेती हायवेने येऊ लागली, ती न परवडणाऱ्यांनी क्रशरची दगडी रेती घेतली. गवंड्यांनी तिला आधी नावं ठेवली. दोन वर्षांत तीच रेती झाली.

विटेचंही तसंच. औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात राखेची वीट वापरा, हा केंद्राचा आदेश 1999 चा, पण खरा घाव घातला तो पांढऱ्या हलक्या ब्लॉकने. एक ब्लॉक सहा-सात विटांची जागा घेतो. कंपनीचा माणूस नमुना ठेवून गेला तेव्हा दादांनी त्याचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला. तो तरंगला. दादा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “ही वीट नाही, पाव आहे.” त्यांनी तो कधी विकला नाही. मी त्यांच्या पश्चात विकायला लागलो.

2016 ची नोटबंदी, पुढच्या वर्षी रेरा आणि जीएसटी, 2020 चा लॉकडाऊन, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की या सगळ्या मंदीत एक बांधकाम थांबलं नाही, ते म्हणजे अनधिकृत. अधिकृत इमारत परवानगी, कर्ज, गिऱ्हाईक यांची वाट बघत असते. अनधिकृत चाळ तीन आठवड्यांत उभी राहते, रोख पैसे देते. बाजार पडलेला असताना आमच्यासारख्यांचे पगार तिनेच काढले. 2025 च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून 17 माणसं गेली, त्या रात्री मी दुकान उघडून वह्या चाळत बसलो होतो. आमचा माल तिथे नव्हता. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज घेऊन मी शटर ओढलं.

आता वारं पुनर्विकासाचं आहे. 1985-90 च्या इमारती पाडून टॉवर. विरार-अलिबाग मार्ग, बुलेट ट्रेनचं स्थानक, वाढवण बंदर, या नावांवर टू बीएचके विकले जातात. वन रूम किचन काढायला कुणी तयार नाही. आमची ती तिसऱ्या मजल्यावरची खोलीसुद्धा पुनर्विकासात निघाली आहे. मागच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत नव्या बिल्डरचा इंजिनिअर कामाचा तपशील वाचत होता. अॅल्युमिनियमचे साचे, भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, स्लॅबबरोबर एकाच वेळी ओतणार. मी विचारलं, वीट किती लागेल? तो म्हणाला, “काका, वीट नाही.”

पाडकामाच्या आधी मी जिन्यातल्या प्लॅस्टर उडालेल्या भिंतीतून एक वीट काढून आणली आहे. मधल्या खोलगट भागात भट्टीवाल्याची दोन अक्षरं आहेत. वसई-विरारमध्ये अजून अनेक दुकानांच्या माळ्यांवर अशा वह्या असतील, रेतीच्या, विटांच्या, कौलांच्या. जागा पुनर्विकासात देताना त्या रद्दीत जाताहेत. कुणाकडे असतील तर कृपा करून फेकू नका, आणि भिजल्या असतील तर उन्हात ठेवू नका, पानं चिकटतात. पंख्याखाली वाळवा.