गाडी सारखी गरम होतेय? घरच्या घरी मोठा रेडिएटर बसवण्याआधी हे वाचा

मे महिन्यात कसारा घाट चढताना एक दृश्य हमखास दिसतं. कडेला थांबलेली गाडी, उघडलेलं बॉनेट आणि हातात पाण्याची बाटली घेतलेला ड्रायव्हर. असं दोन-तीनदा झालं की कोणीतरी सल्ला देतं, "मोठा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर टाक, प्रश्नच मिटेल." पण तो खरंच मिटतो का?

आफ्टरमार्केट रेडिएटरमध्ये वेगळं काय असतं?

इंजिनची उष्णता घेऊन आलेलं कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि जाळीतून जाणारी हवा ते थंड करते. आजच्या बहुतेक गाड्यांत जाळी अ‍ॅल्युमिनियमची, तर दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. वर्षानुवर्षं उष्णता सोसून हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि तडकतं. बाहेरच्या कंपन्यांच्या अपग्रेड रेडिएटरमध्ये टाक्याही अ‍ॅल्युमिनियमच्या, वेल्डिंग केलेल्या असतात. जाळीही जाड असते. त्यामुळे चढावर किंवा जास्त लोडवर उष्णता बाहेर टाकायला जास्त वाव मिळतो.

आधी दुखणं ओळखा

गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होते, पण हायवेला ठीक चालते? मग आधी फॅन, त्याचा फ्यूज आणि रिले तपासा. हायवेला किंवा चढावर गरम होते? मग रेडिएटर चोक झालेला असू शकतो. पण थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपही तपासायला हवेत. कूलंट कमी होतंय, पण गळती दिसत नाही आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय? मग हेड गॅस्केटचा संशय घ्या. तिथे कितीही मोठा रेडिएटर टाकला तरी पैसे वाया जातील.

काम कसं करायचं?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. कॅपमुळे आत सुमारे १ बार जादा दाब राहतो, म्हणून १०० अंशांना उकळणारं पाणीही आत जवळपास १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना कॅप उघडली की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.

२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही गाड्यांचा फॅन चावी बंद असतानाही सुरू होतो.

३. खाली टब ठेवून ड्रेन प्लग उघडा. प्लग नसेल तर खालचा होजपाईप काढा.

४. पाईप आणि वायरींचे मोबाईलवर फोटो काढा, मगच सोडा. चिकटलेला होजपाईप स्क्रू ड्रायव्हरने उचकू नका, फिरवून सैल करा. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ऑइलचे दोन पाईपही रेडिएटरला जोडलेले असू शकतात.

५. फॅन आणि वरचे ब्रॅकेट काढून रेडिएटर उचला. समोरच्या एसी कंडेन्सरचे पाईप अजिबात उघडू नका. त्यात दाबाखाली गॅस असतो.

६. जुना आणि नवा रेडिएटर शेजारी ठेवून पाहा. पाईपांची तोंडं, बोल्टच्या जागा आणि सेन्सरची जागा जुळते का? जाड जाळीमुळे फॅन इंजिनला घासत तर नाही ना? मग जुनी रबरं आणि नव्या क्लिप लावून बसवा. पातळ फिन्स हाताच्या दाबानेही वाकतात, जपून.

खरी गडबड इथे होते

कूलंट भरताना आत हवा अडकली तर नवा रेडिएटर असूनही इंजिन गरम होतं. म्हणून बॅटरी जोडून, इंजिन थंड असतानाच कॅप उघडी ठेवून कूलंट भरा. हीटर फुल गरमवर ठेवून गाडी न्यूट्रलवर चालू करा. पातळी उतरेल तसं कूलंट घाला. बुडबुडे थांबले आणि वरचा पाईप गरम झाला की कॅप लावा. फॅन सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा आणि काटा व गळती पाहा. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, त्यासाठी मॅन्युअल पाहा.

कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात आणि नवा रेडिएटर पुन्हा चोक होतो.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. त्यामुळे कुत्री ते चाटतात, लहान मुलंही पिऊ शकतात. डब्यात भरून, लेबल लावून गॅरेजला द्या.

मग गाडी एकदम गार राहील?

नाही, आणि राहायलाही नको. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. सपाट रस्त्यावर काटा पूर्वीच्याच जागी राहील. फरक कळेल तो घाटात. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा तपासा. आणि काटा लाल रेषेकडे गेलाच, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या. तसंच रेटलं तर हेड वाकतं, आणि ते काम रेडिएटरपेक्षा खूपच महागात पडतं.

गाडी वॉरंटीत असेल, तर पान्याला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.