कृत्रिम हिम
स्की खेळाच्या उतारांवर यंत्राने तयार केलेले हिम. थंड हवेत पाण्याचे सूक्ष्म तुषार उडविले असता ते जमिनीवर पडण्यापूर्वीच गोठतात, हे यामागील तत्त्व होय. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील टे मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी स्की बनवीत असे. १९४९–५० च्या हिवाळ्यात हिम फारच कमी पडल्याने तिचा धंदा बसला. तेव्हा वेन पिअर्स, आर्ट हंट व डेव्ह रिची यांनी मार्च १९५० मध्ये हवा-संपीडक, फवारणीचे तोंड व बागेतील नळी जोडून हिम पाडले. पिअर्स यांना १९५४ मध्ये त्याचे एकस्व मिळाले.

लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत (१९८०) कृत्रिम हिम प्रथम वापरण्यात आले. त्या दशकाच्या अखेरीस आल्प्समध्ये लागोपाठ कमी हिमाचे हिवाळे गेले आणि तेथील केंद्रांनी पंपगृहे, जलवाहिन्या व साठवण-तलाव यांत मोठे भांडवल गुंतविले. अडीअडचणीचे साधन अशा रीतीने हंगामाचा पाया बनले. बीजिंगच्या स्पर्धा (२०२२) जवळजवळ पूर्णतः अशा हिमावर झाल्या.

एक घन मी. पाण्यापासून सुमारे दोन ते अडीच घन मी. हिम मिळते. त्यासाठी दमट हवेत तापमान सुमारे −२° से. च्या खाली असावे लागते. कोरड्या हवेत ते थोडे अधिक चालते. हिमवृष्टी नसली, तरी थंडी मात्र हवीच. त्यामुळे हवामान उबदार होत असताना कमी उंचीवरील लहान केंद्रे पेचात सापडली आहेत : कर्ज काढून यंत्रे घ्यावीत, तर ती चालविण्याजोग्या थंड रात्री घटत आहेत, न घ्यावीत, तर हंगामाचीच शाश्वती उरत नाही.