दोष विंडोजचा की ‘रॅम’चा?

घरचा संगणक चालता चालता मध्येच बंद पडू लागला, निळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटू लागला, की संशय प्रथम व्हायरसवर जातो आणि दुरुस्ती करणाऱ्याचा ठरलेला सल्ला असतो, ‘फॉरमॅट मारा’. विंडोज नव्याने टाकली जाते, आठवडाभर संगणक सुरळीत चालतो आणि पुन्हा तेच. अशा वेळी दोष रॅममध्ये असण्याची शक्यता मोठी असते.

रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा अत्यल्प भार धरून ठेवणारा एक कपॅसिटर. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. हा भार सतत गळत असल्याने साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीच्या पट्टीत असे ६,८०० कोटींहून अधिक बिट असतात. त्यांतील मोजके बिट जरी भार धरेनासे झाले, तरी त्या जागी विंडोजचा महत्त्वाचा भाग येताच संगणक कोलमडतो. गाण्याची फाइल आली तर जेमतेम एक खरखर ऐकू येते. म्हणूनच या बिघाडाला ठरावीक चेहरा नसतो. आज ब्राउझर बंद पडतो, उद्या खेळ, परवा झिप फाइल उघडत नाही. पडद्यावरचा संदेशही दर वेळी निराळा: कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा निळा पडदा काळा झाला आहे.) रॅम केवळ अपुरी असेल तर संगणक मंदावतो, एखादा प्रोग्रॅम बंद होतो, पण सहसा असा कोलमडत नाही.

गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारो सर्व्हरांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्या बहुतांशी क्षणिक नसून चिपमधील कायमच्या दोषांमुळे होत्या. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ ही सोय असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते, त्यामुळे बिघडलेला बिट निमूटपणे हार्डडिस्कवर लिहिला जातो.

खरा धोका इथेच आहे. संगणक त्रास देऊ लागला की घरातील छायाचित्रांचा बॅकअप घेण्याची घाई होते. पण सदोष रॅममधून गेलेली प्रतही बिघडू शकते. शक्य असल्यास डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तेथून प्रत घ्यावी.

त्यानंतर चाचणी. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे. संगणक पुन्हा सुरू होऊन तपासणी चालते. त्या वेळी ‘एफ१’ दाबून ‘एक्स्टेंडेड’ हा पर्याय निवडावा. अधिक कसून तपासायचे असेल तर पेनड्राइव्हवरून चालणारे मोफत ‘मेमटेस्ट८६+’ रात्रभर चालू ठेवावे. इथे एकही चूक क्षम्य नाही. मात्र चूक न सापडणे म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. काही दोष पट्टी तापल्यावरच दिसतात.

चूक आढळली तर आधी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वाढीव वेग, म्हणजे ‘एक्सएमपी’, बंद करावा व पुन्हा चाचणी घ्यावी. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागते. न भागल्यास वीज बंद करून, केसच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि एकच पट्टी ठेवून चाचणी करावी. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. दोन्ही पट्ट्यांवर चुका दिसल्या तर स्लॉट बदलून पाहावा, कारण दोष मदरबोर्डचा किंवा वीजपुरवठ्याचाही असू शकतो.

सोनेरी टोकांवर खोडरबर घासण्याचा आपल्याकडील उपाय पावसाळी दमट हवेत खरोखर उपयोगी पडतो, कारण टोकांवरील मळ निघतो. पण जोरात घासल्यास मुलामा झिजतो, रबराचा भुगा स्लॉटमध्ये अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले कापड अधिक सुरक्षित. अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते. तिथे सेवा केंद्राशिवाय पर्याय नाही. सुट्या पट्टीवर मात्र अनेक कंपन्या दीर्घ मुदतीची हमी देतात, तेव्हा नवी घेण्यापूर्वी जुने बिल शोधावे.