पहाटे पाच वाजता बॅकअप नव्हता

या घटनाक्रमातल्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत, म्हणजे परभणीच्याही. घटना मात्र परभणीत घडलेली नाही. ती घडली गिटलॅब या कंपनीच्या डेटाबेसवर. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड, त्यातल्या चुकांच्या नोंदी आणि त्यावरची चर्चा या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवतात. वसमत रोडवरच्या एखाद्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या मेलेल्या हार्ड डिस्कची कहाणी याहून फार वेगळी नसते, फक्त तिचा घटनाक्रम कुणी लिहून ठेवत नाही. गिटलॅबने ठेवला. संकट चालू असतानाच त्यांनी आपल्या नोंदी सगळ्यांना खुल्या केल्या आणि नंतर चुकांसकट सविस्तर अहवाल छापला. त्यामुळे बॅकअप नेमका कधी जातो, हे त्या रात्रीत अगदी जवळून पाहता येतं.

मंगळवार, ३१ जानेवारी २०१७. सकाळी ६.३०

डेटाबेसची एक प्रत ठरल्याप्रमाणे आपोआप निघाली. ही रोज याच वेळेला निघायची, पण ती बॅकअपसाठी नव्हे. नवे प्रयोग खऱ्या डेटावर करायला नको म्हणून कंपनीची चाचणीची वेगळी मशीनं होती, त्यांच्यात भरायला ही प्रत काढत.

खरा बॅकअप वेगळा होता. दर २४ तासांनी पूर्ण डेटाबेसची फाइल काढायची आणि ॲमेझॉनच्या साठवणीत पाठवायची. तो निघतच नव्हता. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप काढणारा प्रोग्राम ९.२ चा. आवृत्ती जुळत नाही म्हणून प्रोग्राम सुरू व्हायचा आणि चूक दाखवून लगेच थांबायचा. चूक झाली की ईमेल जायची सोय होती. ईमेल निघतही होत्या, पण पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी सही त्यांच्यावर नसल्यामुळे पलीकडचा सर्व्हर त्या नाकारत होता. बॅकअप निघत नाही हे सांगणारा निरोपच पोचत नव्हता आणि निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळे धरून चालले होते.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडचे बहुतेक बॅकअपही असेच गुपचूप मरतात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली, बॅकअपचं सॉफ्टवेअर लावलं, पहिल्या दिवशी हिरवी खूण दिसली. मग एक दिवस आधी पेनड्राइव्ह लावला आणि नंतर डिस्क. काल ‘ई’ असलेली डिस्क आज ‘एफ’ झाली. सॉफ्टवेअरला पत्ता दिलाय ‘ई’चा, ते तिथे जातं, काही सापडत नाही म्हणून परत येतं. किंवा डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकसंध फाइल बसतच नाही. टॅलीची छोटी फाइल जाते, लग्नाचा व्हिडिओ अडतो. किंवा डिस्क लांब एक्स्टेंशन वायरवर, नाहीतर चार गोष्टी जोडलेल्या हबवर लावलेली असते. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरच करंट मिळतो, ३.० मधून ९००. करंट पुरला नाही की डिस्क फिरता फिरता क्षणभर सुटते, पुन्हा जोडली जाते आणि चालू असलेली कॉपी तिथेच तुटते. या प्रत्येक वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उमटून जाते. ती कुणी वाचत नाही. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं.

म्हणून बॅकअप बिघडल्याचा संशय आला तर सर्वात आधी सॉफ्टवेअरच्या नोंदींत शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघावं. ही तारीख पाहून भल्याभल्यांचा चेहरा उतरतो.

रात्री १०.५०

एका इंजिनिअरला चाचणीच्या मशीनवर नवा प्रयोग करायचा होता. सकाळची प्रत शिळी झाली होती, म्हणून त्याने हाताने ताजी प्रत काढून तिथे चढवली. कुठल्याही नियमात हे बसवलेलं नव्हतं. त्याला ताजा डेटा हवा होता, इतकंच.

पुढे सगळं वाचलं ते या एका कामामुळे.

बुधवार, १ फेब्रुवारी. रात्री १२.३०

डेटाबेसवरचा भार अचानक वाढला. स्पॅमचा मारा असावा असं त्यांना वाटलं. नंतर कळलं की यातला काही भार वेगळ्याच कारणाने होता: कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार झाली होती, ते खातं चुकून काढून टाकायच्या यादीत गेलं होतं आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम मागे चालू होतं. लोकांना नोंदी लिहिता येईनात. भार आटोक्यात आणण्यात काही तास गेले.

पहाटे ४.३०

भारामुळे आणखी एक गोष्ट झाली. मुख्य डेटाबेससोबत एक जोड-डेटाबेस चालायचा. मुख्यात जे बदलेल ते क्षणात जोडमध्ये बदलायचं. तो मागे पडत पडत शेवटी तुटला. त्याला पुन्हा जोडायचं तर त्यातला जुना डेटा पुसून मुख्यावरून सगळं नव्याने भरावं लागणार होतं.

हा जोड-डेटाबेस डेटा सुरक्षित ठेवण्याच्या त्यांच्या पाच आधारांपैकी एक मानला जात होता, पण तो बॅकअप नव्हेच. मुख्यात पुसलं की तिथेही पुसलं जातं. ऑफिसचं फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडून ‘आमचं सगळं क्लाउडवर आहे’ म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. पोराने चुकून फोल्डर उडवलं तर ते क्लाउडवरूनही उडतं आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवसच राहतं. मार्च संपल्यावर वर्षभराची बिलं शोधायला बसणाऱ्याला ते ३० दिवस केव्हाच संपलेले असतात.

इंजिनिअरने जोड-मशीनवरचा डेटा पुसला आणि भरायची आज्ञा दिली. पडदा गप्प. चूक नाही, प्रगती नाही, काहीच नाही. एकदा जोडण्या कमी पडत असल्याचं कळलं, त्या वाढवल्या. मग डेटाबेस सुरू होईना, म्हणून एका वेळी ८००० कनेक्शनची मर्यादा २००० वर आणली. तरी भरायचं काम पुन्हा गप्पच. खरं तर त्या प्रोग्रामची रीतच तशी आहे: मुख्य मशीन डेटा पाठवायला लागेपर्यंत तो काही न बोलता थांबतो. हे माहीत असलेला सहकारी त्या वेळी तिथे नव्हता, आणि प्रोग्रामच्या माहितीपुस्तकातही ते स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. काम करणाऱ्या इंजिनिअरकडे तेव्हा बरीच रात्र झाली होती; हा घोळ झाला नसता तर तो काम आटोपून उठणारच होता.

पहाटे ५.००

त्याला वाटलं, आधीच्या प्रयत्नांत जोड-मशीनच्या फोल्डरमध्ये काही अर्धवट फाइली राहिल्या असतील, त्या अडवत असतील. फोल्डर पूर्ण पुसायची आज्ञा त्याने दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण ज्या खिडकीत टाइप केलं ती जोड-मशीनची नाही, मुख्य मशीनची आहे. त्याने लगेच आज्ञा थांबवली. सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. उरला होता साडेचार जीबीच्या आसपास.

दोन खिडक्या शेजारी शेजारी, दोन्ही काळ्या, आणि मशीनच्या नावांत एका आकड्याचा फरक. याच्या जागी दमलेला दुसरा कुणी असता तरी हेच झालं असतं. दुरुस्तीच्या यादीत गिटलॅबने पुढे लिहिलं की प्रत्येक मशीनच्या खिडकीत ती कोणती आहे हे ठळकपणे वेगळं दिसेल असं करायचं. आपल्याला हे पाच मिनिटांत जमतं. विकत आणलेल्या डिस्कचं नाव ‘न्यू व्हॉल्यूम’ ठेवू नका. ‘दुकान-बॅकअप-१’ असं नाव द्या आणि तेच डिस्कवर कागद चिकटवून लिहा. फॉरमॅट करताना पडद्यावर नाव दिसतं. ‘लोकल डिस्क’ आणि ‘लोकल डिस्क’ यांच्यात निवडायची वेळ येत नाही.

आणि त्याने आज्ञा तत्क्षणी थांबवली, हे फार योग्य केलं. आपल्याकडे बहुतेक डेटा पहिल्या बिघाडात जात नाही, नंतरच्या तासाभरात जातो. डिस्क लावली की विंडोज म्हणतं, वापरण्याआधी फॉरमॅट करा. तिथे ‘नाही’ दाबायचं. डिस्कमधून टक्‌टक् आवाज येत असेल तर आतला हेड जागेवर बसत नाहीये. तिच्यावर चेक-डिस्क चालवणं, पुन्हा पुन्हा लावून बघणं, उन्हात तापलेली असेल म्हणून फ्रिजमध्ये ठेवणं, यांतलं काहीही करायचं नाही. वायर काढायची आणि ती जशी आहे तशी डेटा काढणाऱ्याकडे न्यायची. एक्स्टर्नल डिस्कवर कंपन्या चालवण्याचं तापमान साधारण ५ ते ३५ अंश सेल्सिअस लिहितात. परभणीचा मे महिना ४० च्या पुढे असतो. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या दुकानात तासभर चाललेली कॉपी डिस्कला सोसवत नाही. बॅकअप रात्री काढा.

पाचनंतर

आता शोध सुरू झाला. या घटनाक्रमातला हाच भाग मला सर्वात भयंकर वाटतो.

ॲमेझॉनची साठवण उघडली. रिकामी. आवृत्तीचा घोळ आणि नाकारलेल्या ईमेल तेव्हा कळल्या. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये डिस्कचे स्नॅपशॉट घेता येत होते. ते डेटाबेसच्या मशीनसाठी चालूच केलेले नव्हते. जोड-डेटाबेस त्यांनी स्वतःच थोड्या वेळापूर्वी पुसला होता. रोजची आपोआप निघणारी प्रत सकाळी साडेसहाची, म्हणजे साडेबावीस तास जुनी. आणि शेवटी हाती लागली ती रात्री १०.५० ची, कुणाच्या योजनेत नसलेली प्रत.

यांतला एकही आधार पहाटे पाच वाजता मोडला नव्हता. जे मोडले होते ते सगळे आधीच मोडलेले होते. त्यांतून कुणी कधी डेटा परत काढून पाहिलाच नव्हता, म्हणून कुणाला ते माहीत नव्हतं. बॅकअप काढणं हे अर्धं काम. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून, त्यातली एखादी जुनी फाइल वाचून बघणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच राहून जातं.

परभणीत हे ज्यांच्या जिवावर बेततं ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे पदव्युत्तर विद्यार्थी. हिशेबाची फाइल गेली तर पावत्या जुळवून ती पुन्हा उभी करता येते. शेतातल्या प्रयोगाचं तसं नसतं. अमुक दिवशी झाडाची उंची किती, बोंडं किती, पाऊस किती मिलिमीटर, हे एकदाच मोजता येतं. तो हंगाम परत येत नाही. अशा विद्यार्थ्याकडे लॅपटॉपवर एक, घरच्या डिस्कवर एक आणि गावाकडे किंवा मित्राकडे एक, अशा तीन प्रती असायलाच हव्यात. ‘तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर’ हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला. फोटो गेल्याचं दुःख त्या धंद्यातल्या माणसाला कळतं. आपल्याकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, त्या दिवसांत स्टुडिओवाल्यांच्या कार्डांत जे भरतं ते तरी दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड रिकामं करू नये.

दिवसभर

त्या दिवशी इकडे वसंत पंचमी होती आणि दिल्लीत तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली अर्थसंकल्प मांडत होते. पहिल्यांदाच १ फेब्रुवारीला आणि रेल्वे अर्थसंकल्प त्यातच घेऊन. तिकडे गिटलॅबने काम यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात केली. हजारो लोक बघत बसले.

बघण्यासारखं फारसं नव्हतं, कारण कॉपी संपेचना. प्रत चाचणीच्या मशीनवर होती आणि तिथल्या डिस्क संथ होत्या. वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास. डेटा जागेवर यायला अठरा तासांच्या घरात गेले. बॅकअप असणं आणि तो वेळेत परत मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुमची डिस्क ३.० ची असेल आणि लॅपटॉपच्या २.० पोर्टमध्ये लागली असेल, तर १ टीबी परत घ्यायला दिवसाचा मोठा भाग जातो. मधेच लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसला तर पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच लॅपटॉपवर ३.० च्या पोर्टची पट्टी निळी असते. ती शोधून डिस्क तिथेच लावावी.

रात्री ११.३०

संकेतस्थळ पूर्ण सुरू झालं. चाचणीच्या प्रतीतून ‘वेबहुक’ म्हणजे इतर सेवांना आपोआप निरोप धाडणाऱ्या जोडण्या काढून टाकलेल्या असायच्या. डेटाबेस तासभर आधी उभा राहिला तेव्हा त्या नव्हत्या. त्या वेगळ्या आणून बसवाव्या लागल्या.

मंगळवारी रात्री १०.५० पासून पहाटे साडेपाचपर्यंत लोकांनी डेटाबेसमध्ये जे भरलं होतं ते परत आलं नाही. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५००० प्रकल्पांच्या नोंदी, ५००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती. मूळ कोड वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे तो शाबूत होता. ज्या इंजिनिअरच्या हातून आज्ञा गेली त्याचं नाव अहवालात घातलं नाही. दोष पद्धतीचा आहे असं कंपनीने लिहिलं आणि दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ टाकली: बॅकअप परत काढून पाहण्याची चाचणी यापुढे आपोआप व्हावी आणि त्या कामाला एक नेमलेला माणूस असावा.